जर्मनीत नव्याने आलात? आधी टपालपेटीवर नाव लावा

दर ऑक्टोबरला नवी मुलं येतात आणि तेच प्रश्न विचारतात: भारतीय किराणा कुठे मिळतो, सिम कुठलं घेऊ, भाड्याचं घर कसं मिळेल. ते सगळं सापडतं. हद्दपारीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तो विषय बोटीतून आलेल्यांचा, आपला नाही, असं वाटतं. मी २००६ पासून श्टुटगार्टजवळ राहतोय, आणि इतक्या वर्षांत एवढं कळलंय की इथे हद्दपारी पोलिसांच्या गाडीने सुरू होत नाही. ती एका पिवळ्या पाकिटाने सुरू होते.

ते पाकीट एकदा नीट बघून ठेवा. साध्या पत्रापेक्षा जाडसर, गर्द पिवळं असतं. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो, सही करतो आणि तुम्ही घरी नसाल तर पेटीत टाकून निघून जातो. कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी पत्र तुम्हाला मिळालं. तुम्ही सांगलीत मावसभावाच्या लग्नात असाल, पेटीची किल्ली हरवली असेल, जर्मन वाचता येत नसेल, कशाचाही उपयोग नाही. पाकिटावरच्या तारखेपासून दिवस मोजले जातात. म्हणून पाकीट फाडून फेकू नका, पत्रासोबत जपून ठेवा. पहिल्याच भेटीत वकील तेच मागतो.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला. एम. एस. करत होता आणि चौथ्यांदा खोली बदलली होती. पेटीवर जुन्याच भाडेकरूचं नाव, ह्याने कागदाची चिठ्ठी चिकटवली होती ती पावसात गळून पडली. राहण्याचा परवाना वाढवायचा अर्ज अडकला होता, ऑफिसने कागद मागवले होते आणि ते पत्र 'पत्त्यावर सापडत नाही' असा शिक्का घेऊन परत गेलं होतं. पुढे निस्तरलं, पण तीन महिने त्याला झोप नव्हती. चूक दोन रुपयांच्या चिठ्ठीची.

मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून इथे आश्रय मागणाऱ्याच्या बाबतीत नियम याहून कडक आहे. त्याने शेवटचा कळवलेला पत्ता हाच खरा पत्ता. पत्र तिथून परत आलं तरी ते पोचलं असंच धरलं जातं.

आता यंत्रणा कशी चालते ते. आश्रयाच्या अर्जाचा निर्णय न्युर्नबर्गचं केंद्रीय कार्यालय, म्हणजे 'बाम्फ', घेतं. पण माणसाला प्रत्यक्ष बाहेर काढणं हे राज्यांचं काम. आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये ते कार्ल्सरुहेहून हलतं. विमानतळावर माणूस केंद्रीय पोलिसांच्या ताब्यात जातो. तुमचा-आमचा संबंध येतो तो परदेशी नागरिकांच्या स्थानिक ऑफिसशी, ज्याला आपली मंडळी 'आउसलेंडरबेहोर्डे' म्हणताना जीभ चावतात. परवाना संपायच्या आत वाढीचा अर्ज केलात तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो आणि 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' नावाचा घडीचा कागद मिळतो. एक दिवस उशीर झाला तर तो आधार आपोआप मिळत नाही, मग ऑफिसच्या मर्जीवर. अपॉइंटमेंट मिळत नाही ही सबब चालत नाही. ईमेलने, फॅक्सने, पोर्टलवरून, जमेल तसा अर्ज पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. नोकरी मुदतीआधी गेली तर दोन आठवड्यांत कळवायचं असतं. लाजून गप्प बसणारे इथेच फसतात.

परवाना संपला, अर्ज फेटाळला की आधी येते स्वतःहून निघून जाण्याची मुदत, साधारण ७ ते ३० दिवस. सोबत एक कागद मिळतो, तो सीमेवर किंवा विमानतळावर पोलिसांकडे द्यायचा, म्हणजे तुम्ही गेलात याची नोंद होते. तो न देता गेलात तर कागदोपत्री तुम्ही इथेच लपून आहात. मुदतीत गेलेल्याला पुन्हा यायची वाट बरीच मोकळी राहते. हद्दपार झालेल्याला मात्र प्रवेशबंदी लागते, ती सहसा पाच वर्षांपर्यंतची, आणि तिची नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसते. शिवाय तिकीट, सोबतचे पोलीस, कोठडीचे दिवस यांचं बिल त्याच्याच नावावर निघतं. माणूस पाठवणार सरकार, आणि भाडं त्याच्याकडून! पण कायदा तसा आहे.

मुदत संपल्यावर तारीख सांगून कुणी येत नाही. २०१५ पासून आगाऊ कळवणं बंदच आहे. माझ्या मुलीच्या वर्गात एक अफगाण मुलगा होता. एका मंगळवारी त्याचं बाक रिकामं होतं. पहाटे चारला गाडी आली होती, अर्ध्या तासात सामान भरायला लावलं, आणि दुपारपर्यंत कुटुंब क्रोएशियात होतं. मुलीने विचारलं, 'पण क्रोएशिया तर त्याचा देश नाही ना?' त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे डब्लिनचा नियम.

युरोपात आश्रयाचा अर्ज कोणी तपासायचा, हे अर्जदार ठरवत नाही. ज्या देशात पहिल्यांदा बोटांचे ठसे घेतले गेले, किंवा ज्याने व्हिसा दिला, बहुधा तोच देश. ठसे 'युरोडॅक' नावाच्या सामायिक नोंदीत असतात. जर्मनी त्या देशाला 'हा तुमचा माणूस, घ्या' असं लिहिते. त्याने ठरल्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर मौन म्हणजे संमती. मग सहा महिन्यांत हस्तांतर करायचं, नाही झालं तर जबाबदारी जर्मनीवर. माणूस पळाला असं ठरलं तर जुन्या नियमांत ही मुदत १८ महिन्यांची होती. २०२४ मध्ये संमत झालेल्या आणि २०२६ च्या मध्यापासून लागू होणाऱ्या नव्या नियमांत ती तीन वर्षांपर्यंत जाते. हस्तांतराची सहा महिन्यांची मुदत उलटावी म्हणून काही जण तेवढे दिवस चर्चच्या आसऱ्याला काढतात. चर्च पत्ता कळवतं, त्यामुळे तो पळालेला ठरत नाही, हे इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही मान्य केलंय.

कागदावर हे घड्याळासारखं दिसतं, पण चालतं बैलगाडीसारखं. २०२३ मध्ये जर्मनीने अशा ७४ हजारांहून जास्त विनंत्या पाठवल्या, प्रत्यक्षात पोचवले गेले पाच हजारांच्या आसपास. कधी समोरचा देश विमान उतरवायला वेळच देत नाही, कधी माणूस खोलीत नसतो, कधी कॅप्टन म्हणतो की ह्याला माझ्या विमानात नको. पण म्हणून 'काही होत नाही' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकूण हद्दपारी २०२३ मध्ये १६,४३० होती, २०२४ मध्ये २०,०८४ झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत कायदा बदलून निघण्याआधी ताब्यात ठेवायची मुदत १० वरून २८ दिवसांवर नेली.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण आपल्यातही एजंटाने फसवलेले येतात. पोलंडचा व्हिसा घेऊन इथे आलेले, किंवा कॉलेज सुटलेले. त्यांच्या कानात कुणीतरी सांगतं, 'आश्रयाचा अर्ज टाक, दोन वर्षं निघतील.' तो अर्ज टाकला की पासपोर्ट जमा होतो. भारतीयांचे अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण नगण्य आहे. २०२५ च्या सत्ताधारी आघाडीच्या करारात भारताला सुरक्षित देशांच्या, म्हणजे जिथे छळाचा धोका नाही असं धरलं जातं त्या देशांच्या, यादीत घालायचं लिहिलंय. आणि अर्ज उघडच निराधार म्हणून फेटाळला गेला तर देश सोडल्याशिवाय दुसरा परवाना मिळणं जवळपास अशक्य. मग हातात येतो 'दुल्डुंग' नावाचा तांबड्या तिरक्या रेघेचा कागद. तो राहण्याचा परवाना नव्हे, हद्दपारी तूर्त थांबवल्याची नोंद आहे. त्यावर कामाला बंदी असू शकते. आणि हो, ५ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत झालेल्या स्थलांतर करारात कुशल लोकांना वाट मोकळी करतानाच, परवाना नसलेल्यांना परत घ्यायचंही ठरलंय. पहिल्या भागाचं कौतुक सगळीकडे झालं, दुसरा फारसा कुणी वाचला नाही.

ज्याला खरंच जिवाची भीती आहे, त्याने मात्र अर्ज करावाच, पण वकील आणि चर्चच्या किंवा सामाजिक संस्थांच्या मोफत सल्लाकेंद्रात विचारून. निकालपत्र आलं की आधी शेवटचा भाग वाचा. दाद कुठे मागायची आणि किती दिवसांत, हे तिथे असतं. डब्लिनच्या निकालात ती मुदत आजवर एकाच आठवड्याची राहिली आहे, आणि नुसता दावा टाकून हद्दपारी थांबत नाही, स्थगितीचा तातडीचा अर्ज वेगळा करावा लागतो. आठवड्यात शनिवार-रविवारही धरलेले असतात.

सगळ्या सीमांवर सप्टेंबर २०२४ पासून तपासणी आहे. सीमेपलीकडे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला कॉफी प्यायला जरी गेलात, तरी पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही खिशात असू द्या, मोबाइलमधला फोटो चालत नाही. आणि भारतात लांब सुट्टीला जाताना पेटीची किल्ली शेजाऱ्याकडे किंवा खोलीतल्या मित्राकडे द्या. पिवळं पाकीट दिसलं तर फोटो पाठवायला सांगा. आतल्या पत्राचा तर हवाच, पण पाकिटाच्या दोन्ही बाजूंचाही.