नुसत्या गळ्याची तबकडी : ब्रिटिश लोकगीतं सोलापुरात ऐकायची तर

जात्यावरची ओवी कानात बसलेली असेल, तर वाद्यांविना गाणं परकं वाटत नाही. इंग्लंडमधल्या नॉरफोकचे हॅरी कॉक्स, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या जिनी रॉबर्टसन हे दोघं लोकगायक असेच गात, कसलाही आव न आणता. सुरुवात मात्र इंग्लंडच्या हल शहरातल्या वॉटरसन्स या गायकांच्या गटापासून करा. टॉपिक कंपनीनं १९६५ मध्ये काढलेल्या त्यांच्या एलपीवर चार गळे आहेत, त्यामुळे कान लवकर रुळतो. बऱ्याच चाली काफी किंवा खमाजच्या स्वरांत सापडतील, पण सोबत तानपुरा लावू नका. एकट्या गायकाचा षड्ज हळूहळू सरकू शकतो. पहिल्या आणि पाचव्या कडव्यातली तीच ओळ ताडून पाहा. शब्द बदलला की चाल जराशी वळते. खरी गोडी तिथे आहे.

एकटा आवाज रेकॉर्ड प्लेअरचे दोषही झाकत नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीनं तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. लांबवलेला सूर नेमका तेवढ्याच अंतरानं हेलकावत असेल, तर तो गायकाचा कंप नव्हे. तबकडीचं भोक केंद्रातून सरकलंय. हेलकावा अनियमित असेल तर आधी तबकडी फिरवणारा बेल्ट बदला.

पूर्व भागात घर असेल तर यंत्रमागांची धडधड जमिनीतून सुईपर्यंत पोचते. प्लेअरखाली शहाबादी फरशी आणि फरशीखाली चौघडी केलेला सोलापुरी टॉवेल ठेवा. वर लेव्हल तपासा. सतत घूं ऐकू येत असेल तर प्लेअरची अर्थची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट करा. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ऐकण्यात अर्थ नाही.

‘स’ आणि ‘श’ फाटतात का, ते नीट ऐका. फक्त शेवटच्या गाण्यात फाटत असतील तर कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, कोन प्रोट्रॅक्टर या कोनमापक पट्टीवर जुळवा. सगळीकडेच फाटत असतील तर सुईवर धुळीची गोळी आहे, सुई झिजली आहे किंवा सुईचं तबकडीवरचं वजन कमी पडतंय. वजन काट्यावरच मोजा; ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई या कार्ट्रिजला १.८ ते २.२ ग्रॅम लागतं. कमी वजन सुरक्षित, हा गैरसमज आहे. सैल सुई खाचेत आपटते आणि भिंती खरवडते.

बोअरच्या पाण्यानं तबकडी धुऊ नका. क्षार खाचेत बसले की कडकड वाढते. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर चार भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, भांड्याच्या साबणाचा एक थेंब; नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावलंत तर लाख विरघळेल. जुनी ध्वनिमुद्रणं बहुतेक मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारी असतात, म्हणून ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. खरखर बरीच कमी होते.

एप्रिल-मेमध्ये तबकड्या पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला नकोत. उभ्या ठेवा, खालच्या फळीवर. उन्हातल्या बंद गाडीत तर दहा मिनिटंही नाही.