आयन चॅनेल सुटे सुटे पाठ करू नका

मेंदूपेशींतील आयन चॅनेलांवर, म्हणजे पेशीच्या पटलातून विद्युतभारित कण (आयन) ये-जा करू देणाऱ्या सूक्ष्म वाटांवर, काम करायचे तर महागडी यंत्रसामग्रीच हवी, हा समज नवोदितांनी आधी काढून टाकावा. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ साली मांडलेली, चेतापेशीतील विद्युत संकेताची समीकरणे आणि ती संगणकावर सोडवणारी ‘न्यूरॉन’ ही मोफत प्रणाली, एवढ्या शिदोरीवर मी भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रकल्प कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत, साध्या लॅपटॉपवर पूर्ण केला.

बहुतेक विद्यार्थी प्रत्येक चॅनेलला एकेक काम नेमून देतात आणि परीक्षेपुरते ते निभावतेही. एचसीएन चॅनेलपाशी मात्र हा हिशेब फसतो. पेशीचा विभव (पटलाच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंतील विद्युत फरक) अधिक ऋण झाला की हे चॅनेल उघडते व धन प्रवाह आत येतो, म्हणजे पेशी उत्तेजित व्हायला हवी. पण चॅनेल उघडे असल्यामुळेच पटलाचा रोध घटतो आणि तेवढ्याच प्रवाहाने होणारा विभवबदल लहान पडतो. शिवाय विश्रांती विभव (संकेत नसतानाचा विभव) वर सरकल्याने एम-प्रकारचे पोटॅशियम चॅनेल थोडे उघडे राहतात आणि येणाऱ्या संकेताला तेही लगाम घालतात. हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाच्या पिरॅमिडल (शंकूच्या आकाराच्या) पेशींत ही सांगड २००९ साली दाखवली गेली.

हे स्वतः पाहायचे असेल, तर ही दोन्ही चॅनेल असलेल्या मॉडेलला ठरावीक प्रवाह देऊन विभवाचा आलेख काढावा, एचसीएनची वाहकता दुप्पट करून दुसरा काढावा, आणि मग बाहेरून स्थिर प्रवाह देऊन विश्रांती विभव पूर्वीच्या जागी आणून तिसरा काढावा. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक मुख्यतः रोध घटल्याचा, तर दुसऱ्या आणि तिसऱ्यातला विभव सरकल्याचा. एम-चॅनेलचा हात या दुसऱ्या फरकात सापडतो.

तापमानाकडेही लक्ष असू द्यावे. हॉजकिन-हक्सले मॉडेल माकुळाच्या अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) कमी तापमानात घेतलेल्या मोजमापांवरून बेतलेले असल्याने ‘न्यूरॉन’मध्ये मुळात ६.३ अंश सेल्सियस धरलेले असते (कोल्हापूरच्या थंडीतही न भेटणारा आकडा). सस्तन प्राण्यांच्या पेशीसाठी ते ३५च्या आसपास न्यावे आणि प्रत्येक चॅनेलच्या फाइलमध्ये तापमानाची दुरुस्ती आहे का, हे उघडून पाहावे.

पुढे पीएच.डी.साठी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथलेच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) यांच्याकडे या विषयावर काम चालते. जीवशास्त्राकडून येणाऱ्यांनी तोवर अवकल समीकरणे पक्की करावीत. मुलाखतीसाठी चॅनेलांची यादी घोकण्यापेक्षा, एक चॅनेल बंद केल्यावर उरलेल्यांचे काय होते, हे फळ्यावर आलेख काढून सांगण्याची तयारी ठेवावी.