ऑस्ट्रेलियात स्कूबा आणि प्राणी : बेत आखताना या चुका टाळा

आमच्या वहीतल्या मंगळवारच्या पानावर दोन ओळी होत्या. 'सकाळी ८, केर्न्सहून बोट, तीन डाइव्ह.' आणि खाली, 'संध्याकाळी यंगाबरा, प्लॅटिपस.' केर्न्स हे ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं शहर, ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेकडे बोटी तिथून सुटतात. यंगाबरा हे डोंगरावरचं गाव, आणि प्लॅटिपस हा चपट्या चोचीचा, पाण्यात वावरणारा सस्तन प्राणी. कागदावर दिवस अगदी चपखल बसला होता. दुसऱ्या डाइव्हनंतर मी मोठ्या उत्साहाने बोटीवरच्या डाइव्हमास्टरला संध्याकाळचा बेत सांगितला. तिने हातातली पाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "आजच? गाडीने वर चढणार?" तिसऱ्या डाइव्हचं ब्रीफिंग थांबवून तिने मला पाच मिनिटं समजावलं. त्या संध्याकाळी आम्ही केर्न्सच्या एस्प्लनेडवर चिखलात टिपणारे पक्षी बघत बसलो. ती पाच मिनिटं मला आजही मोलाची वाटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणं

डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण डोंगर चढणंही त्यातच येतं, हे बेत आखताना लक्षात राहत नाही. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन मुरतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो आणि त्याला कित्येक तास लागतात. मधेच आपण हवेचा दाब कमी असलेल्या ठिकाणी गेलो, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे ठणकणं, हातापायांना मुंग्या येणं, चक्कर, प्रचंड थकवा ही त्याची लक्षणं, आणि ती अंगावर काढायची नसतात. एकाच डाइव्हनंतर विमानासाठी किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग काही दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावं असं सांगतात. बहुतेक डाइव्हमास्टर सरळ २४ तास म्हणतात आणि मीही तेच धरते.

३०० मीटरच्या वर गेलात की 'उंची' सुरू झाली असं डाइव्हिंगमध्ये मानतात. यंगाबरा अ‍ॅथर्टनच्या पठारावर, ७०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या लोणावळ्यापेक्षाही उंच, आणि केर्न्सहून तासा-सव्वा तासाचा घाट चढून तिथे पोचता येतं. सगळ्या पर्यटकांच्या यादीत असलेली कुरांडा गावाची स्कायरेल, म्हणजे जंगलावरून जाणारी केबल कार, तर वाटेत ५४५ मीटरवर जाते. 'सोमवारी रीफ, मंगळवारी सकाळी कुरांडा' हा बेत तयार टूरच्या कागदांवर मी इतक्यांदा पाहिला आहे की ही चूक सर्वात आधी सांगाविशी वाटली. फक्त स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगणाऱ्यांना, ही अडचण नाही. सिलिंडर लावून खाली जाणाऱ्यांना आहे.

उपाय सोपा आहे, क्रम उलटा करा. उतरल्यावर आधी पठारावर जा, मग समुद्र, आणि शेवटच्या डाइव्हनंतर एक पूर्ण कोरडा दिवस समुद्रसपाटीवर. त्या दिवशी डेन्ट्री नदीवर मगरी बघायची बोट घ्या, नाहीतर केर्न्सचं बोटॅनिक गार्डन बघा.

आणि प्लॅटिपससाठी घाई करायचीच नसते. आम्ही पुढच्या खेपेला आधी वर गेलो. यंगाबरात पीटरसन क्रीकच्या काठी लाकडी मचाण आहे. उन्हं कलल्यावर तिथे गप्प उभं राहायचं. पहिली वीस मिनिटं तपकिरी पाण्यावर फक्त पानं वाहत होती. मग काठाजवळ बारीक बुडबुड्यांची एक ओळ सरकत आली, आणि ती जिथे थांबली तिथे अगदी आवाज न करता एक चपटी चोच वर आली. जेमतेम हातभर लांबीचा जीव. दहा-बारा सेकंद तो पृष्ठभागावर काहीतरी चावत राहिला, मग पाठीची कमान करून खाली गेला. डाइव्हची घाई डोक्यात असती तर मी त्या बुडबुड्यांआधीच गाडीकडे वळले असते.

आधी सुट्टी ठरवणं आणि मग समुद्राला विचारणं

आपल्याकडे बेत शाळेच्या सुट्टीवरून सुरू होतो. हरकत नाही, पण त्या महिन्यात तिथला समुद्र काय देतो ते बघून मगच जागा ठरवा. उत्तर क्वीन्सलंडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे हा विषारी जेलीफिशचा काळ. त्यातही इरुकांजी नावाची जात जेमतेम नखाएवढी असते, किनाऱ्यावर लावलेल्या जाळ्यांतूनही आत येऊ शकते. म्हणून त्या महिन्यांत अंगभर लायक्राचा स्टिंगर सूट घालूनच पाण्यात उतरायचं. बोटीवर तो मिळतो. 'आपण काय पाच मिनिटंच उतरतोय' म्हणून टाळू नका. डिसेंबर-जानेवारीत पाऊस, चक्रीवादळांचा हंगाम आणि तिथल्या लोकांच्याही सुट्ट्या, असं सगळं एकत्र येतं.

आपली मे महिन्याची सुट्टी त्या मानाने चांगली. पावसाळा सरलेला असतो, पण आग्नेयेचे वारे सुरू झालेले असतात आणि बाहेरच्या रीफपर्यंतचा दीड-दोन तासांचा प्रवास हेलकावे देतो. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. जून-जुलैत पाणी २३ अंशांच्या आसपास उतरतं. मालवणच्या कोमट पाण्याची सवय असलेल्याला तिसऱ्या डाइव्हला दात वाजतात, तेव्हा ५ मिलिमीटरचा वेटसूट मागून घ्या. पण याच दोन महिन्यांत रिबन रीफ्सवर ड्वार्फ मिंकी व्हेल येतात. परवाना असलेल्या बोटीच्या मागे दोर सोडलेला असतो, तो धरून पाण्यावर तरंगत राहायचं. आपण पाठलाग करायचा नाही, तेच कुतूहलाने जवळ येतात. व्हेल शार्क हवा असेल तर देशाची दुसरी बाजू, पश्चिमेला निंगालू, आणि एप्रिल ते जुलै धरून चाला. मला विचाराल तर शाळेचं बंधन नसलेल्यांनी केर्न्ससाठी सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. वारा पडलेला असतो आणि पाणी नितळ.

रंगांबद्दलही मनाची तयारी हवी. १९८१ पासून जागतिक वारसा असलेली ही २,३०० किलोमीटरची ग्रेट बॅरियर रीफ पाणी तापल्यामुळे २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली आहे. काही भाग सावरले, काही नाही. शिवाय पाण्यात लाल रंग सर्वात आधी विरतो, त्यामुळे फोटोतलं भडक लाल प्रवाळ डोळ्यांना करडं-निळं दिसतं. एक छोटा टॉर्च न्या आणि जवळून प्रकाश टाका, मग बघा.

दहा दिवसांत चार शहरं

सिडनी, मेलबर्न, केर्न्स, पर्थ. नकाशावर ही नावं जवळ वाटतात. मेलबर्न ते केर्न्स हे हवाई अंतर मुंबई-दिल्लीच्या दुप्पट आहे. दहा दिवस असतील तर एकच कोपरा धरा. समुद्राचा एखादा दिवस वाऱ्याने रद्द होतो, तेव्हा हाताशी मोकळा दिवस नसला की ज्यासाठी एवढा खर्च केला तेच राहून जातं. म्हणून डाइव्ह मुक्कामाच्या पहिल्या अर्ध्यात ठेवा.

'स्कूबा केलंय' म्हणजे नेमकं काय?

मालवणला किंवा गोव्यात इन्स्ट्रक्टरने धरून नेलेली डाइव्ह सुंदर असते, पण ते प्रमाणपत्र नव्हे. तेवढ्यावर ऑस्ट्रेलियातही इन्स्ट्रक्टरसोबतची उथळ डाइव्हच मिळेल. ओपन वॉटर कार्डावर, म्हणजे कोर्स करून मिळणाऱ्या पहिल्या प्रमाणपत्रावर, १८ मीटरपर्यंत जाता येतं. टाउन्सव्हिलच्या दक्षिणेला समुद्रात १९११ मध्ये बुडालेली योंगाला बोट पडून आहे. तिच्यावरच्या १२२ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. आज तिच्या अंगाखांद्यावर राक्षसी ग्रूपर मासे, कासवं, समुद्रसाप नांदतात. पण तिचा तळ ३० मीटरच्या जवळपास आहे आणि तिथे प्रवाहही असतो. अशा जागेसाठी त्यापुढचं अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड आणि थोडा सराव करूनच जावं.

कोर्सची थिअरी आणि पूलमधला भाग पुण्या-मुंबईत उरकून समुद्रातल्या डाइव्ह तिथे करता येतात. कार्ड जुनं असेल आणि वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा सराव, लागतो. इथे बरेच जण फसतात, कारण पावसाळ्यात कोकण-गोव्यातलं डाइव्हिंग बंद असतं. ऑगस्ट-सप्टेंबरला निघणार असाल तर तारकर्लीतला सराव मेच्या आत करून घ्या.

फॉर्ममध्ये दमा, बीपी लपवणं

हे कळकळीने सांगते. बोटीवर तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयाचा त्रास, फिट, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधं, सगळं विचारतात. एवढे पैसे भरून आता नाही म्हणतील या भीतीने लोक 'नाही'वर खूण करतात. तसं करू नका. बुकिंगच्या वेळीच तो फॉर्म ईमेलवर मागवा, आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि लागेल ते प्रमाणपत्र सोबत न्या. आईवडील फक्त स्नॉर्केलिंग करणार असले तरी त्यांचंही खरं सांगा. वय आणि आजार कळला की तरंगायला आधाराचा पट्टा देतात, वेगळ्या रंगाची खूण देतात, म्हणजे लाइफगार्डची नजर त्यांच्यावर राहते. माझ्या आईने तो पट्टा कमरेला बांधून ६८व्या वर्षी पहिल्यांदा कासव पाहिलं.

प्रत्येक डाइव्हनंतर रजिस्टरमध्ये आपली सही आपणच करायची. १९९८ मध्ये एक जोडपं मोजणीच्या चुकीने समुद्रात मागे राहिलं आणि पुन्हा सापडलं नाही. तेव्हापासून तिथे मोजणीचे नियम कडक आहेत.

प्रवास विमा घेताना स्कूबा किती मीटरपर्यंत धरलंय ते पॉलिसीत वाचा. साध्या पॉलिसीत ते बरेचदा वगळलेलं असतं.

प्राण्यांच्या फार जवळ जाणं

केर्न्सच्या उत्तर-दक्षिण पट्ट्यात नदी, खाडी, सुनसान किनारा दिसला की मगर आहे असंच धरायचं. पाय धुवायलाही वाकू नका. मिशन बीचजवळ कॅसोवरी दिसला तर गाडीतच बसा. माणसाएवढा उंच पक्षी, आतल्या बोटाला सुऱ्यासारखी नखी, आणि पिल्लं सांभाळणारा बहुधा बाप असतो. त्याला फळ देणं म्हणजे त्याला रस्त्यावर यायची सवय लावणं, आणि रस्त्यावर तो गाडीखाली येतो. कांगारूही पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, त्यामुळे गावाबाहेर अंधारात गाडी चालवायची वेळ येणार नाही असा बेत करा.

कोआला कडेवर घेऊन फोटो काढायचं मुलांना आधीच कबूल करू नका. न्यू साउथ वेल्समध्ये त्याला मनाई आहे, आणि ब्रिस्बेनच्या लोन पाइन या कोआलांच्या प्राणिसंग्रहालयातही २०२४ पासून ते बंद झालं. मेलबर्नजवळ फिलिप आयलंडला पेंग्विन समुद्रातून परततात तेव्हा तर फोटोलाच बंदी आहे.

सामानातला खाऊ

पेढे, बर्फी, गुलाबजाम, दुधाची कोणतीही मिठाई घरीच ठेवा. चिवडा, बाकरवडी, मसाले न्यायचे असतील तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'हो' लिहून तपासणीत दाखवा. चालत नसेल ते काढून घेतात, एवढंच. लपवलं तर मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. ट्रेकचे बूट न्याल तर तळव्यातली सह्याद्रीची माती ब्रशने घासून काढा, तीही तपासतात.