पॅरॉक्सेटिन सोडताना: शेवटचे काही मिलिग्रॅम

पॅरॉक्सेटिन हे नैराश्य आणि चिंतेवरचं औषध. त्याच्या २० मिलिग्रॅमवरून १० वर मी सहज आले, म्हणून पुढे एक दिवसाआड गोळी घ्यायला लागले. तिथेच चुकलं. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसायचा, नजर मागे राहून डोकं पुढे गेल्यासारखं वाटायचं. शिवाय रडू, मळमळ आणि भयंकर स्वप्नं.

आजार परत आला या विचाराने मी खचले होते. डॉक्टरांनी आधी तारखा विचारल्या. त्रास डोस चुकवल्यानंतर दोनच दिवसांत सुरू झाला होता आणि गोळी घेतल्यावर ओसरत होता. आजार बहुधा आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू परततो, आणि त्यात असे झटके नसतात. या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण एका दिवसात निम्मं होतं. एक दिवसाआड घेतलं की मेंदूला रोज हिंदकळे बसतात.

मग त्यांनी पातळ औषध दिलं, ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. बिनसुईच्या सिरिंजने रोज ठरलेल्या वेळी मोजून घ्यायचे. दर चार आठवड्यांनी कपात: १०, ८, ६, ५, ४... खाली येताना पायरी लहान करायची, कारण कमी डोसवर एक मिलिग्रॅमचा फरकही मेंदूला मोठा जाणवतो. ३ वर झोप उडाली तेव्हा दोन महिने तिथेच थांबले. घाई केली नाही, हे फार बरं झालं. शेवटी अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिलिटर. सिरिंजच्या तळाशी जेमतेम चार-पाच थेंब दिसायचे. तेही बंद केल्यावर आठवडाभर हलकी चक्कर होती, झटके मात्र आले नाहीत.