चिनी वनौषधींवरील शोधनिबंध कसा तपासावा

एखादी चिनी वनस्पती अमुक रोगावर गुणकारी असल्याचे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, अशी बातमी वाचनात आली की मूळ शोधनिबंध मिळवावा आणि निष्कर्षाकडे वळण्याआधी त्यातील ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग उघडावा. कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, कशात काढलेला अर्क, किती मात्रेत आणि कोणावर तपासला, हे सारांशात क्वचितच पूर्ण सांगितलेले असते.

सर्वप्रथम वनस्पतीची ओळख पाहावी. निबंधात तिचे द्विपदी शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि वाळवलेला संदर्भ नमुना कोणत्या वनस्पतिसंग्रहात कोणत्या क्रमांकाने जपला आहे याची नोंद असली पाहिजे. हे निव्वळ कारकुनी काम वाटेल. पण १९९०च्या दशकाच्या प्रारंभी बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रान्ड्रा या वेलीच्या मुळाऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची या वनस्पतीचे मूळ गेले, कारण चिनी व्यापारात दोहोंची नावे ‘फांगजी’ या शब्दानेच संपतात. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या; पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. या कुळातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल आता मानवात कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून वर्गीकृत आहे. आपल्याकडची सापसंद ही याच प्रजातीतली वेल असल्यामुळे, ‘पूर्वापार वापरतात म्हणजे निर्धोक’ हा युक्तिवाद दोन्ही देशांत सारखाच लंगडा ठरतो.

त्यानंतर अर्क कसा काढला ते बारकाईने वाचावे. माझ्या मते संपूर्ण निबंधात याहून महत्त्वाचा परिच्छेद नसतो, आणि याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे छिंगहाव या चिनी वनस्पतीतून मिळालेले हिवतापावरील औषध आर्टेमिसिनिन हेच आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हिवतापावर औषध शोधण्यासाठी चीनने २३ मे १९६७ रोजी गुप्त प्रकल्प सुरू केला आणि त्या तारखेवरूनच त्याला ‘५२३’ हा क्रमांक मिळाला. बीजिंगमधील संशोधक यूयू तू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतील असंख्य औषधकृती चाळून अर्क तपासले, त्यांत छिंगहाव ही वनस्पतीही होती. मात्र तिचे परिणाम कधी आशादायक, कधी अगदी क्षीण येत. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात छिंगहाव मूठभर घेऊन पाण्यात भिजवावी, पिळावी आणि रस प्यावा, एवढेच सांगितले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. उष्णतेने गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क करून यूयू तू यांनी सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळणारा ईथर द्रावक म्हणून निवडला आणि अर्कातील आम्लधर्मी, विषारी अंश वेगळा काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये क्रमांक १९१च्या नमुन्याने हिवतापग्रस्त उंदरांतील परजीवींचा पूर्ण नायनाट केला. म्हणून निबंधात ईथर किंवा मिथेनॉलचा अर्क वापरला असेल, तर त्याचा निष्कर्ष घरच्या काढ्याला लावू नये. आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचार जगभर रूढ झाले, तरी त्याच वनस्पतीचा चहा हिवतापावर वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने पाठिंबा दिलेला नाही.

मात्रेचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. हुआंगल्येन या चिनी मुळात आणि आपल्या दारुहळदीत असलेले बर्बेरिन परीक्षानळीतील पेशींवर ठळक परिणाम दाखवते, परंतु तोंडाने घेतल्यावर त्याचा फारच थोडा अंश रक्तात पोहोचतो. पेशींवर वापरलेली तीव्रता माणसाच्या रक्तात गाठता येईल काय, याचा हिशेब निबंधकारांनी मांडला नसेल, तर त्या निकालाला प्राथमिक खूण एवढेच मोल द्यावे.

शेवटी माणसांवरील पुराव्याकडे यावे, आणि येथे घाई करू नये. चिनी वृक्ष कॅम्पटोथेका अ‍ॅक्युमिनाटा यातून मन्रो वॉल आणि नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. (हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्यातही आढळते, आणि त्यापायी त्या झाडाची बरीच तोड झाली.) माणसांवरील पहिल्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या, टोपोटेकान आणि इरिनोटेकान या त्याच्या सुधारित रूपांना अमेरिकेत मान्यता मिळायला १९९६ साल उजाडले. चाचणी असेल तर रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले होते काय, तुलनेसाठी दुसरा गट होता काय, औषध कोणाला मिळाले हे तपासणाऱ्यापासून लपवले होते काय, हे पाहावे. १९९८ मधील एका आढाव्यात चीनमधून प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सर्व चाचण्या अनुकूलच आढळल्या होत्या, आणि जिथे एकही प्रयोग फसत नाही तिथे फसलेले प्रयोग छापले जात नसावेत, ही शंका रास्त आहे. त्यामुळे चाचणी सुरू होण्यापूर्वीच सार्वजनिक नोंदवहीत दाखल झाली होती काय ते शोधावे, आणि तिथे आधी जाहीर केलेले मुख्य मोजमाप व निबंधात छापलेले मोजमाप शेजारी ठेवून ताडून पाहावे. दोहोंत फरक असून त्याचे कारण दिलेले नसेल, तर निबंध तेवढ्यावरच बाजूला ठेवायला हरकत नाही.