क्रेनने झाड उतरवताना पट्टे आणि हूक कसे निवडावेत

अंगण अरुंद, शेजारी कौलारू छप्पर आणि घरावर ओणवलेला जुना फणस, अशा ठिकाणी झाड सरळ पाडायला जागाच नसते. म्हणून गोव्यात आता क्रेन बोलावून खोडाचे तुकडे वरच्या वर बांधून उतरवले जातात. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ नुसार लागणारी परवानगी हातात आली आणि जवळच्या तारांतील वीज बंद झाली, की पुढचा सगळा भरवसा पट्टा, शॅकल (आडव्या पिनने बंद होणारी यू आकाराची कडी) आणि हूक यांच्यावरच असतो.

सुरुवात वजनापासून करावी. ओल्या लाकडाचा एक घनमीटर सुमारे एक टन धरावा. ६० सेंटीमीटर व्यासाचा आणि ४ मीटर लांबीचा ओंडका साधारण १.१ घनमीटर भरतो. त्याला फांद्या लागून असतील तर हिशेब दीड टनाचा ठेवावा.

आता पट्टा. पॉलिएस्टरच्या पट्ट्यांत जांभळा १ टनाचा, हिरवा २, पिवळा ३, करडा ४ आणि तांबडा ५ टनांचा असतो. मात्र उन्हाने रंग विटतो, त्यामुळे शिवलेल्या लेबलावरचा आकडाच खरा मानावा आणि लेबल नसलेला पट्टा वापरू नये. हा आकडा सरळ उचलण्यासाठी असतो. ओंडक्याला फास टाकला की क्षमता ८० टक्क्यांवर येते, म्हणजे हिरवा पट्टा १.६ टनांचाच उरतो. दीड टनाच्या ओंडक्याला हे फारच काठावरचे आहे. मी तिथे पिवळाच घेतो, कारण तो फासातही २.४ टन पेलतो.

दोन पट्टे लावले म्हणजे भार निम्मा झाला, हा समजही धोक्याचा आहे. पट्टे जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो, आणि कोन ३० अंशांवर आला तर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण वजनाइतका. कोन लहान होत असेल तर लांब पट्टे घ्यावेत.

हुकाची सेफ्टी लॅच, म्हणजे त्याच्या तोंडावरची स्प्रिंगची पट्टी, स्वतःहून बंद झाली पाहिजे. हुकाचे तोंड मूळ मापापेक्षा ५ टक्क्यांहून अधिक उघडले असेल, तो पिळला असेल किंवा त्याला तडा दिसत असेल, तर तो बाजूला काढावा. म्हणून नवा असतानाच माप लिहून ठेवावे. भार हुकाच्या पोटात बसावा, टोकावर नव्हे. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने लॅचची स्प्रिंग आणि शॅकलच्या पिनचे आटे लवकर गंजतात. हरवलेल्या पिनच्या जागी साधा बोल्ट घालणे पूर्णपणे टाळावे.

पट्टा प्रत्येक वापरापूर्वी उजेडात पसरून, हातमोजा घालून, दोन्ही बाजूंनी चाचपावा. एकदा एका नव्यासारख्या दिसणाऱ्या पिवळ्या पट्ट्याच्या घडीत, भुशाखाली, मला पेराएवढी चीर सापडली. बहुधा चेनसॉ निसटती लागली असावी. चीर, उसवलेली शिवण, वितळून कडक झालेला भाग किंवा मारलेली गाठ आढळली, तर तो पट्टा त्याच वेळी मधोमध कापून दोन तुकडे करावा, म्हणजे दुसरा कोणी तो चुकून पुन्हा झाडावर चढवणार नाही.