दगडावरची चराई कशी पाहावी

ओढ्यातला तळहाताएवढा दगड हळूच उचलून लगेच पाणी भरलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवा. मी आधी खालचीच बाजू तपासायचो. दगडावरचा शेवाळी थर चरणारी किड्यांची मंडळी बसलेली असायची वर! १० पट भिंगातून बारीक खड्यांचं घरकुल पाठीवर वागवणारी कॅडिसफ्लायची (पतंगासारख्या एका कीटकाची) अळी दिसेल. डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवालाचा, तपकिरी, बुळबुळीत थर ती खरवडत जाते आणि मागे स्वच्छ पट्टा उरतो. लांब हिरव्या तंतूंचं शेवाळ तिला सहसा नकोच असतं.

ओढ्यावर पानझडीची झाडं असतील, तर पालवी फुटण्याआधी एकदा आणि दाट सावली झाल्यावर पुन्हा तिथेच या. सावलीत थर विरळ होतो. मग बऱ्याच अळ्या कुजक्या पानांच्या भुग्यावरही भागवतात. पूर ओसरल्याबरोबर जाऊ नका, दगड घासून कोरे झालेले असतात. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवा.